माठ, शाई आणि मुशाहिरा

मनुष्य जे प्रश्न विचारतो त्यांतील काही सृष्टीला उद्देशून असतात आणि काही संसाराला. आणि हे दोन्ही प्रकारचे प्रश्न एकाच तोंडातून, एकाच संध्याकाळी, पाठोपाठ बाहेर पडले म्हणजे उत्तर देणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची कशी तारांबळ उडते, याचा अनुभव मला सेवानिवृत्तीनंतर जितका आला तितका अध्यापनाच्या दीर्घ कारकीर्दीत कधी आला नव्हता. वर्गातील प्रश्न अभ्यासक्रमाच्या शिरस्त्याने येतात, घंटेच्या हुकमाने थांबतात आणि बहुधा परीक्षेच्या भयापोटी जन्मलेले असतात. त्यामुळे त्यांची उत्तरे शिक्षकापाशी आधीच तयार असतात, आणि ती तयार आहेत हे विद्यार्थीही जाणून असतो. ओसरीवर बसलेल्या निवृत्त माणसाला मात्र असे कोणतेही कवच नसते. त्याला कोणीही यावे आणि काहीही विचारावे.

आमच्या शेजारी तहसील कचेरीतील एक अव्वल कारकून राहतात. गृहस्थ नेकीचे, अक्षर वळणदार, आणि सरकारी दप्तर ज्या शिस्तीने ठेवतात त्याच शिस्तीने घरचा जमाखर्च ठेवणारे. त्यांची मुलगी अकरावीची परीक्षा देऊन मोकळी झाली त्या वर्षी, वऱ्हाडातील उन्हाळा आपल्या लौकिकाला जागत असल्यामुळे, दिवसभर कूलरसमोर कोंडलेली ही पोर दिवेलागणीच्या सुमारास माझ्या ओसरीवर येऊन बसू लागली. तिच्या हातात पुस्तक नसे. दिवसभरात घरात जे जे दिसले त्याविषयीची एखादी शंका मात्र असे, आणि ती शंका विचारण्यापूर्वी तिने स्वतःशी पुष्कळ घोळलेली असे, हे तिच्या शब्दयोजनेवरूनच कळून येई.

पहिला प्रश्न माठाचा होता. ती म्हणाली, “सर, माठातलं पाणी पाझरतं, उडून जातं, म्हणून गार होतं, हे आम्हाला शाळेत शिकवलंय. पण उडून गेलं ते पाणी तर गेलं. जे आत राहिलं ते कशामुळे गार झालं?” हा प्रश्न या स्वरूपात मला कोणत्याही वर्गात कोणी विचारला नव्हता; कारण ‘बाष्पीभवन’ हा शब्द उत्तरपत्रिकेत लिहिला की गुण मिळतात, आणि गुण मिळाले की पुढे विचार करण्याचे प्रयोजन उरत नाही. मी तिला सांगितले की पाण्याचे सर्व कण सारख्या वेगाने हिंडत नाहीत. काही मंद असतात, काही चपळ. आणि माठाच्या ओल्या अंगावरून जे कण भोवतालच्या कणांचे आकर्षण झुगारून हवेत निसटू शकतात ते साहजिकच चपळांपैकी असतात. ते निघून गेले म्हणजे मागे राहिलेल्यांची सरासरी गती उतरते, आणि सरासरी गती उतरणे यालाच आपण थंड होणे म्हणतो. बाहेरच्या अंगावर पडलेली ही उष्णतेची तूट आतले पाणी मातीच्या भिंतीवाटे भरून देते, आणि भरून देता देता स्वतः निवते.

किती पाणी उडाले म्हणजे माठ गार होतो, या तिच्या पुढील शंकेकडे वडिलांचे लक्ष वेधले गेले ते त्यातील हिशेबामुळे. एक ग्रॅम पाणी साध्या तापमानाला उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेते. माठातले १० लिटर पाणी १० अंशांनी उतरवायचे तर एक लक्ष कॅलरी काढून घ्यावी लागते. भागाकार केला म्हणजे बाहेरून नवी उष्णता येत नाही असे गृहीत धरून, सुमारे १७२ ग्रॅम, अर्थात चहाच्या एका बेताच्या पेल्याइतके पाणी खर्ची पडले की काम झाले. “म्हणजे खर्च थोडा आणि जमा मोठी,” असे कुंपणापलीकडून अव्वल कारकून म्हणाले, आणि पदार्थविज्ञानाविषयी त्या घरात निघालेला तो पहिला अनुकूल शेरा होय.

दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा हजर. “मग दादरला आत्याकडे माठ आहे, त्यातलं पाणी का गार होत नाही? माठ आम्हीच इथून नेऊन दिलाय.” माती तीच, कुंभार तोच, पाण्याचा गुणधर्म तोच; फरक हवेत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना हवेची आर्द्रता पुष्कळदा १५ टक्क्यांच्या आसपास असते, आणि अशा हवेत फुग्याभोवती ओले मलमल गुंडाळलेला तापमापक धरला तर तो सुमारे २४ अंशांपर्यंत खाली येतो. मुंबईत त्याच महिन्यात पारा ३३ वर आणि आर्द्रता ७० टक्के असली, तर तोच ओला तापमापक २८ च्या खाली उतरण्यास राजी नसतो. ओल्या वस्तूला वाऱ्यात ठेवून जेवढे थंड करता येते त्याची ही सीमा आहे. वऱ्हाडातील माठापुढे एकवीस अंशांची उतरण आहे, दादरच्या माठापुढे पाचांची. आमच्या मुलखातला कूलर एप्रिल-मे महिन्यांत संजीवनी ठरतो आणि पाऊस सुरू होताच खोलीत नुसता दमटपणा वाढवू लागतो, त्याचेही कारण हेच. आणि कडक उन्हात राबणाऱ्या शेतमजुराला घाम तारतो तो वऱ्हाडात किती व कोकणात किती, हा प्रश्नही त्याच पोटातला.

एवढे सांगून झाल्यावर माझ्या दृष्टीने प्रकरण निकालात निघाले होते. तिच्या दृष्टीने ते तेव्हा दाखल झाले. तिने माझ्याकडून दोन तापमापक मागून नेले, एकाच्या फुग्याला जुन्या धोतराची चिंधी बांधली, आणि परसातल्या सावलीत, माठाच्या शेजारी, ते टांगून सकाळ-दुपार-संध्याकाळच्या नोंदी एका वहीत मांडण्यास प्रारंभ केला. या रोजनाम्यातून जे निष्पन्न झाले ते मला अपेक्षित होते, आणि तरीही तिने स्वतः शोधल्यामुळे तिला ते नवे होते: माठातील पाणी ओल्या तापमापकाच्या जवळपास जाते पण त्याला गाठत नाही, तीन-चार अंश वरच राहते, कारण माठ एका बाजूने उष्णता घालवीत असता दुसऱ्या बाजूने तापलेली जमीन व हवा ती परत आणून देत असतात. मग तिने माठाखाली ओली वाळू घालून पाहिली. मग गतवर्षीचा माठ काढून त्याची नव्या माठाशी तुलना केली आणि जुना मागे पडतो असे आढळल्यावर, आमच्या विहिरीच्या जड पाण्यातील क्षार छिद्रांत बसून ती बुजतात काय, हा तर्क तिचा तिनेच केला. माझ्याकडे ती आता उत्तर घेण्यासाठी येत नव्हती. स्वतःच्या उत्तरावर दाखला मागण्यासाठी येत होती.

उत्तर देणाऱ्यांचा एक स्वभावदोष या निमित्ताने माझ्या ध्यानात आला. मुलाच्या प्रश्नाला आपण बहुधा असे उत्तर देतो की ज्यायोगे तो प्रश्न मिटावा. पुण्याच्या खगोलशास्त्र-केंद्राचे, ‘आयुका’चे, संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांची पद्धत याच्या उलट होती. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत की एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तर आणि स्वाक्षरी दोन्ही मिळतील. या तजविजीत मुलावर एक जबाबदारी पडते, ती अशी की आधी आपल्याजवळ विचारण्याजोगे काही आहे की नाही हे त्याने घरी बसून धुंडाळावे. आणि विश्वरचनेची गणिते करणाऱ्या त्या विद्वानावरही एक जबाबदारी पडते, की चार ओळींत मावेल इतकेच पण खरे असेच लिहावे. पोस्टकार्डावर जागा थोडी असते, त्यामुळे त्यावर पांडित्य दाखविता येत नाही.

माठाचे प्रकरण चालू असतानाच तबल्याचे निघाले. ही मुलगी आठवड्यातून दोनदा तबला शिकावयास जाते. पुडीच्या मध्यावर तो काळा गोल, म्हणजे शाई, कशासाठी असते असे तिने तिच्या गुरुजींना विचारले तेव्हा, शाईवाचून तबला बोलत नाही, असे उत्तर मिळाले. उत्तर सर्वथा सत्य होते. परंतु न बोलण्याचे कारण काय, हे तिला हवे होते. ताणलेली तार छेडली तर मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर उमटतात, आणि त्यांचे मूळ स्वराशी सख्य असते म्हणून कानाला ते एकच सुरेल नाद वाटतात. सर्वत्र सारख्या जाडीचे गोल चामडे मात्र असे वागत नाही. त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १·५९ पट, २·१४ पट, २·३० पट अशा आडवळणाच्या प्रमाणांत निघतात, आणि त्या गलबल्यात सूर म्हणून काही धरता येत नाही. ढोलाचा आवाज दूरवर जातो, पण ढोल षड्जाला लावता येत नाही, तो याचमुळे. लोखंडाचा कीस आणि पिठाची खळ यांचा लेप थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून, मध्यभाग जड केला की हे उपस्वर सरकत सरकत पूर्णांकांच्या जवळ येऊन बसतात. ज्या कोण्या कारागिराने हे प्रथम साधले त्याच्यापाशी समीकरणे नव्हती. कान होता, धीर होता, आणि बिघडलेली पुडी फेकून नवी मढविण्याची तयारी होती.

या शाईचे रहस्य ज्याने शास्त्राच्या भाषेत प्रथम मांडले त्याच्या नावाशी माझ्या ओसरीवरील दोन्ही प्रकारचे प्रश्न एकत्र येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी एका सहकाऱ्यासह १९२० साली ‘नेचर’ या विलायती नियतकालिकात आपल्या चर्मवाद्यांच्या सुरेल उपस्वरांविषयी टिपण प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी विलायतेच्या प्रवासात भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांनी जहाजावरच एक साधा प्रयोग केला. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. रामन यांनी विशिष्ट कोनातून, स्फटिकाच्या लोलकातून पाहून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश वगळला, तेव्हा निळाई मावळण्याऐवजी अधिकच खुलली, आणि ती पाण्याच्या अंतरंगातून येते हे ठरले. त्या मार्गाने चालता चालता ते २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ज्या शोधापाशी पोचले त्याला १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आकाश निळे का, हे मी तिला सांगू लागलो तेव्हा लहान लांबीच्या लहरी अधिक विखुरतात एवढ्यावर तिने मला थांबवून, “मग ते जांभळं का नाही? जांभळ्याची लहर तर आणखी लहान,” असे विचारले. सूर्यप्रकाशात जांभळा अंश मुळात कमी, त्यातला काही वरच्या वातावरणात खर्च होतो, आणि आपला डोळा निळ्याला जितकी दाद देतो तितकी जांभळ्याला देत नाही. आकाशाच्या रंगाचे अर्धे कारण अशा रीतीने पाहणाऱ्याच्या नेत्रांत निघाले, याने ती कितीतरी वेळ गप्प राहिली.

ही सारी हकीकत ऐकत उभे असलेले तिचे वडील शेवटी कुंपण ओलांडून आले आणि त्यांनी संसाराचा प्रश्न घातला. “सर, हे सगळं ऐकायला बरं आहे. पण फिजिक्स घेऊन पुढं काय? दरमहा हातात काय येतं?” मी त्यांना रामन यांचीच कैफियत सांगितली. मद्रासेत १९०७ मध्ये एम.ए. झालेला हा तरुण, विज्ञानाच्या मार्गाने पोट भरण्याची सोय या देशात नव्हती म्हणून, वित्तखात्याची परीक्षा देऊन कलकत्त्यास साहाय्यक महालेखापालाच्या हुद्द्यावर रुजू झाला; दिवसा सरकारचे हिशेब तपासावे आणि सकाळ-संध्याकाळ बहूबाजारातील महेंद्रलाल सरकारांनी १८७६ साली स्थापिलेल्या विज्ञानसंस्थेत प्रयोग करावे, असा क्रम त्याने धरला; मध्यंतरी रंगूनला बदली झाली, १९१० मध्ये आमच्या नागपुरासही झाली; आणि १९१७ साली कलकत्ता विद्यापीठात पालित अध्यासन देऊ करण्यात आले तेव्हा, मुशाहिरा घटत असताही, त्याने ते पतकरले. अव्वल कारकुनांनी नोबेल पारितोषिकाकडे यत्किंचितही लक्ष दिले नाही. “पर्मनंट नोकरी सोडली? अकाउंट्सची? आणि पगार कमी होत असताना?” एवढेच ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात निंदेपेक्षा विस्मय अधिक होता.

असामान्यांचे दाखले सामान्यांच्या निर्णयाला पुरत नाहीत हे मला मान्य आहे. होमी भाभांच्या वडिलांनीही पुत्राला केंब्रिजला धाडले ते अभियांत्रिकीसाठीच. पुत्राने पदार्थविज्ञानाचा हट्ट धरला तेव्हा, आधी अभियांत्रिकीत पहिल्या वर्गात ये, मग तुझ्या मनाचे कर, असा तह झाला आणि १९३० मध्ये पुत्राने आपली बाजू पाळली. ही कथा अनेक घरांतून मोठ्या हौसेने सांगितली जाते. परंतु टाटांच्या सोयऱ्याच्या घरात झालेला तह तालुक्याच्या गावी, शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यांवर, तसाच पाळता येईल असे समजणे हे शहाणपणाचे नाही. म्हणून मी अव्वल कारकुनांना दोन निराळ्या, कमी झगमगाटाच्या हकीकती सांगितल्या.

मुंबईस कुलाब्याला १८२६ पासून वेधशाळा आहे, आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तेथे १८४१ पासून घेतल्या जात. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेच्या ट्रॅमगाड्या आणण्याचे ठरले, तेव्हा त्या विजेच्या प्रवाहाने नाजूक चुंबकसूची थरथरू लागतील आणि साठ वर्षांचा रोजनामा पुढे निरुपयोगी होईल, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभारविली, तिच्यासाठी सूचीला विचलित न करणारा पोरबंदरी दगड वापरला, आणि १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, अशासाठी की जुन्या ठिकाणचे आकडे आणि नव्या ठिकाणचे आकडे यांचा सांधा पुढे कोणालाही जुळविता यावा. मूस यांच्या नावे कोणताही परिणाम वा नियम पाठ्यपुस्तकात नाही. परंतु ज्या नोंदींची अखंडता राखण्यासाठी त्यांनी ही तसदी घेतली त्या नोंदी अलिबागेस आजही चालू आहेत.

दुसरी हकीकत अण्णा मणी यांची. रामन यांच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेत हिरे व माणके यांच्या दीप्तीवर त्यांनी परिश्रमपूर्वक काम केले. मद्रास विद्यापीठाने मात्र, एम.एस्सी.ची पदवी नाही या कारणाने, त्यांच्या प्रबंधाला पीएच.डी. नाकारली. पदार्थविज्ञान शिकण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या, तो तेथे हवामानाच्या उपकरणांसाठीच काय ती शिष्यवृत्ती होती. ती त्यांनी घेतली. १९४८ साली परतून त्या पुण्याच्या हवामानखात्यात रुजू झाल्या, म्हणजे पुणेकर ज्याला अद्यापि सिमला ऑफिस म्हणतात तेथे. आणि ज्या देशात साधे पर्जन्यमापकही परदेशातून आणवावे लागत तेथे शंभरच्या घरात उपकरणांची रेखाटने प्रमाणित करून ती येथेच घडविली जातील अशी व्यवस्था त्यांनी लावली. हव्या त्या दारातून प्रवेश मिळाला नाही तरी ज्या दारातून मिळाला त्या घरात त्यांनी आपला विषय नेला, हे मला या आयुष्यात विशेष वाटते.

आता आजच्या काळाविषयी मी काय सांगावे? एकीकडे पुण्यात २००६ पासून आयसर आहे, ‘आयुका’ आहे, जुन्नर तालुक्यात खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण आहे, मुंबईस भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा आहे. प्रवेशाचे उंबरठे उंच असले तरी ते महाराष्ट्रातच आहेत, आणि १९०७ च्या तरुणाला यांतील एकही ठाऊक नव्हता. दुसरीकडे आमच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांत नेट-सेट उत्तीर्ण होऊन, पीएच.डी. मिळवून, तासिका तत्त्वावर अर्ध्या मुशाहिऱ्याचीही शाश्वती नसताना वर्षानुवर्षे शिकविणारी माणसे आहेत. पदार्थविज्ञान शिका, सर्व ठीक होईल, असे जो सांगतो तो या माणसांकडे पाहत नाही. आणि त्यात काही राम नाही, असे जो सांगतो तो खोडदकडे पाहत नाही.

मी निर्णय सांगण्याचे नाकारले आणि मुलीला एवढेच सुचविले की पोरी, माठाची चौकशी जशी केलीस तशी याचीही कर. मुशाहिरा किती, हे कोणीही खरे सांगत नाही. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत तुम्ही नेमके काय करता, हे मात्र कोणीही सांगतो. तिने तसे केले. नागपूरच्या एका कर्करोग-रुग्णालयात पदार्थविज्ञानाचे एम.एस्सी. होऊन पुढे किरणोपचाराची पदविका घेतलेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी सांगितले की रोग्यांची रांग सुरू होण्यापूर्वी यंत्रातून त्या दिवशी किती किरणे बाहेर पडतात हे मोजून वहीत मांडल्याशिवाय मी पहिल्या रोग्याला आत घेऊ देत नाही. हवामानखात्यातील एका निरीक्षकाने तिला झडपांच्या पांढऱ्या पेटीत टांगलेले दोन तापमापक दाखविले, एक कोरडा आणि एक ओल्या मलमलीचा, आणि सकाळी साडेआठ व संध्याकाळी साडेपाच या वेळा कशा चुकवता येत नाहीत ते सांगितले. जुन्या धोतराच्या चिंधीचे थोरले भावंड तेथे सरकारी सेवेत पाहून तिला केवढा आनंद झाला! तिसरे एक तासिका तत्त्वावरील प्राध्यापक. ते एसटीने दोन गावांची दोन महाविद्यालये करतात, आणि मोजतात त्या तासिका. परत आल्यावर तिने आपला निष्कर्ष मला सांगितला: “पहिल्या दोघांचं काम आवडलं. तिसऱ्यांचा विषय आवडला, त्यांची नोकरी नाही आवडली.”

पदार्थविज्ञानाचा व्यवसाय करण्यास कोण योग्य, याची एकच कसोटी मला या वयात विश्वसनीय वाटते, आणि तिचा बुद्धिमत्तेशी वा गुणपत्रिकेशी फारसा संबंध नाही. उत्तर मिळाल्यानंतर माणूस काय करतो ते पाहावे. उत्तराने ज्याचे समाधान होते त्याला जगात शेकडो उत्तम उद्योग खुले आहेत, आणि त्याने खुशाल ते करावेत; त्यात उणेपणा नाही. उत्तर ऐकून जो उठतो, तापमापक मागतो, चिंधी बांधतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी त्याच जागी जाऊन उभा राहतो, त्याच्या वाट्याला आलेले काम रुग्णालयातील असो, वेधशाळेतील असो की वर्गातील, ते त्याला परके वाटणार नाही. कारण या विद्येचे रोजचे काम असामान्यांच्या चरित्रांत दिसते तसे क्षणभरात उजळून निघणारे नसते. बहुतांशी ते मोजण्याचे, लिहून ठेवण्याचे आणि मापात काय बिघडले असेल याचा संशय धरण्याचे असते. ज्याला यात रस वाटतो त्याची पुढची गरज समाजाने भागवायची असते. आणि ती भागवली जात नाही हा दोष विषयाचा म्हणून मुलांच्या पदरात टाकणे न्याय्य नव्हे.

हा संशय धरण्याचा गुण तिच्यात किती रुजला आहे याचा प्रत्यय पुढील पावसाळ्यात आला, आणि तो तिच्या वडिलांना आला हे विशेष. तहसील कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक आहे; सकाळी साडेआठला शिपाई तो पाहतो आणि आकडा नोंदवहीत चढतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते आणि शेतकऱ्यांच्या नुकसानभरपाईचा मार्ग त्यावरून खुला होतो. म्हणजे ६४ आणि ६६ यांतील अंतर हे गावेच्या गावे वेगळी करणारे अंतर आहे. एके दिवशी डबा पोचविण्यास गेलेल्या मुलीने तो मापक पाहिला, त्याच्यावर वाढलेला कडुनिंब पाहिला, जवळच्या वस्तूच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मापक असावा हा नियम तिला निरीक्षकाने सांगितलेला होता तो आठवला, आणि रात्री जेवताना तिने वडिलांना विचारले, “बाबा, निंबाच्या फांद्यांनी अडवलेला पाऊस तुम्ही कोणत्या रकान्यात लिहिता?”

अव्वल कारकुनांनी हयातभर रकाने भरले होते; पण रकान्यात येण्यापूर्वी आकड्याचे काय होते, हा प्रश्न त्यांच्या दप्तरात कधी रुजू झाला नव्हता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फांद्या छाटण्याविषयी, अथवा मापक हलविण्याविषयी, वरिष्ठांकडे सविस्तर टिपणी सादर केली. बारावीनंतर पदार्थविज्ञान घेण्याच्या अर्जावरही यथावकाश त्यांची सही झाली. फक्त तीन वर्षांचा अंदाजी खर्च आणि तिन्ही गृहस्थांनी सांगितलेल्या कामांचा तक्ता सोबत जोडावा, अशी त्यांची अट होती, आणि ती मुलीने आनंदाने पाळली. टिपणीवर अद्याप निर्णय आलेला नाही. अर्जाला मुदत असल्यामुळे त्याचा निर्णय आधी लागला.